वाचकांचे प्रश्न: हुबर्ट वाग्नर आणि पोलंडचा व्हॉलीबॉल

गेल्या अंकात पोलंडचे व्हॉलीबॉल प्रशिक्षक हुबर्ट वाग्नर यांच्यावर अर्ध्या पानाचं टिपण होतं. खेळाडू म्हणून 1968 चं मेक्सिको ऑलिम्पिक, प्रशिक्षक म्हणून 1974 चं विश्वविजेतेपद आणि 1976 चं माँट्रियल ऑलिम्पिकचं सुवर्णपदक, मुख्यतः एवढंच त्यात मावलं. त्यावर पत्रं बरीच आली. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

वाग्नर स्वतः खेळाडू म्हणून कितपत होते? की नुसतेच प्रशिक्षक म्हणून गाजले? (कराड)

खेळाडू म्हणूनही पक्के होते. जन्म 4 मार्च 1941, पोझनानचा. वॉर्सातल्या शारीरिक शिक्षण अकादमीच्या संघाकडून खेळले आणि राष्ट्रीय संघाकडून 194 सामने खेळले. 1967 च्या युरोपियन स्पर्धेत पोलंडला ब्राँझ मिळालं, त्या संघात ते होते. पुढच्याच वर्षी मेक्सिकोत पोलंड पाचवा आला. तरी त्या पिढीतलं पोलंडचं मोठं नाव घ्यायचं तर ते एडवर्ड स्कोरेक यांचं, हे मान्य करायला हवं.

1972 च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये पोलंड नववा आला. 1973 मध्ये संघ वाग्नर यांच्याकडे सोपवला गेला, तेव्हा त्यांचं वय होतं 32. पुढच्याच वर्षी हा संघ विश्वविजेता झाला, तोही मेक्सिकोत. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे 2,240 मीटरवर आहे. तिथल्या विरळ हवेत दम लवकर लागतो आणि चेंडूला हवेचा अडथळा कमी असल्याने नेहमीच्या जोराने मारलेली सर्व्हिस रेषेबाहेर जाते. सहा वर्षांपूर्वी वाग्नर याच हवेत स्वतः खेळलेले होते. अशा अनुभवाचा उपयोग प्रशिक्षकाला कागदावरच्या माहितीपेक्षा जास्त होतो, असं आमचं मत.

काल खांद्याला खांदा लावून खेळलेल्यांना आज शिस्त लावायची, हे त्यांना जमलं कसं? आमच्या मंडळात नेमकी हीच अडचण आहे. (इस्लामपूर)

माँट्रियलला कर्णधार स्कोरेक 33 वर्षांचे होते, वाग्नर 35. दोघे मेक्सिकोत एकाच संघात होते. म्हणजे कर्णधार आणि प्रशिक्षक यांच्यात अंतर जेमतेम दोन वर्षांचं. वाग्नर यांनी यावर काढलेला तोडगा मवाळ नव्हता. सराव सगळ्यांना सारखाच, ज्येष्ठांना सूट नाही. आपल्याला फक्त सुवर्णपदकात रस आहे, हे त्यांनी ऑलिम्पिकच्या आधीच उघड सांगून टाकलं होतं. एकदा असं बोलून बसल्यावर जुन्या दोस्तीखातर कुणाला जागा देणं त्यांनाच परवडणारं नव्हतं.

दुसरं उदाहरण अलीकडचं आहे आणि तुमच्या मंडळाला ते जास्त उपयोगी पडेल. फ्रान्सचे स्तेफान आंतिगा 2013-14 चा हंगाम पोलंडच्या स्क्रा बेउखातुफ क्लबकडून खेळले आणि तो संपताच थेट पोलंडच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. संघाचा कर्णधार मिखाउ विनियार्स्की त्यांचा क्लबमधला जुना सहकारी होता. त्यांच्या जोडीला फिलिप ब्लेन हे मुरलेले फ्रेंच प्रशिक्षक सहायक म्हणून दिले गेले. 21 सप्टेंबर 2014 ला कातोवित्सेत ब्राझीलला 3-1 हरवून हा संघ विश्वविजेता झाला.

तुम्ही एवढंच करा. नव्या प्रशिक्षकाच्या जोडीला वयाने मोठा, बाहेरचा सहायक द्या. पहिल्या सहाची निवड सामन्याच्या दिवशी मैदानावर जाहीर करू नका, आदल्या दिवशी करा. ज्याला बसवायचं त्याला कारणासह एकट्याला सांगा. आणि प्रशिक्षकाने स्वतः बदली खेळाडू म्हणून उतरायचा मोह टाळावा. गावच्या स्पर्धांत संघ फुटायला हे एक कारण नेहमी पुरतं.

पोलिश पत्रकार वाग्नर यांना ‘जल्लाद’ म्हणत, असं तुम्ही लिहिलं होतं. वजनाची जॅकेटं घालून उड्या मारायचा त्यांचा सराव आम्ही आमच्या नववी-दहावीच्या मुलांना द्यावा का? (क्रीडाशिक्षक, जिल्हा सांगली)

नको. तसाच्या तसा तर अजिबात नको.

वाग्नर यांनी वजनाची जॅकेटं घालून अडथळ्यांवरून उड्या मारून घेतल्या, सरावाचे तास वाढवले, हे खरं. पण तो सराव वर्षानुवर्षं खेळलेल्या पूर्ण वाढीच्या पुरुषांसाठी होता आणि त्यामागे हिशोब होता. त्या काळी सामना किती वेळ चालेल याला धरबंध नव्हता (का ते पुढच्या उत्तरात येईल). शेवटच्या अर्ध्या तासातही पहिल्या सेटइतकीच उडी लागावी, हा त्या सरावाचा हेतू. नुसता घाम काढणं हा हेतू नव्हता. जल्लादपणाची नक्कल सोपी असते, हिशोबाची अवघड. आपल्याकडे बहुतेक वेळा पहिलीच होते.

आता तुमच्या मुलांबद्दल. एका सरावात एकूण उड्या मोजा. मोजायचं ते पाय जमिनीवर टेकल्याची वेळ. नवख्यांना 80 ते 100 पुरे, दोन-तीन वर्षं खेळलेल्यांना 100 ते 120, पक्क्या खेळाडूंना 120 ते 140. यात स्मॅशच्या आणि ब्लॉकच्या (नेटवर हात उंचावून समोरचा मारा अडवण्याच्या) उड्याही धरायच्या. बहुतेक शिक्षक त्या धरत नाहीत आणि मग आकडा नकळत दुप्पट होतो. असे दोन सराव लागोपाठच्या दिवशी ठेवू नका, मध्ये 48 ते 72 तास जाऊ द्या. दोन फेऱ्यांच्या मध्ये विश्रांती कामाच्या वेळेच्या पाच ते दहा पट: उड्या 10 सेकंद चालल्या तर किमान 50 सेकंद उभं राहायचं. मुलं कंटाळतात, कुरकुर करतात. तरी राहू द्या. दम न भरता मारलेल्या उडीने उंची वाढत नाही, फक्त गुडघा झिजतो.

आधी उतरायला शिकवा, मग उडायला. 30 सेंटिमीटरच्या लाकडी खोक्यावरून मुलाला खाली पाऊल टाकायला सांगा आणि समोर उभे राहून बघा. दोन्ही पाय एकदम टेकले पाहिजेत, चवडा आधी आणि टाच मागून, गुडघे पावलांच्या रेषेत. गुडघे आत वळून एकमेकांकडे झुकत असतील तर त्या मुलाला अजून उड्यांचा सराव देऊ नका. आधी बैठका आणि एका पायावर तोल सांभाळण्याचे व्यायाम द्या. धप्पकन आवाज आला तर उतरणं चुकलं असं समजा. इथे कानाचा उपयोग डोळ्याइतकाच होतो.

वजन शाळकरी मुलांना नकोच. वीस-बावीस वर्षांच्या खेळाडूलाही शरीराच्या वजनाच्या 5 ते 10 टक्क्यांवर जाऊ नका. 70 किलोच्या खेळाडूला साडेतीन ते सात किलो झाले. पाठीवरच्या सॅकमध्ये वाळू भरून उड्या मारायला लावतात, ते तर बंदच करा. वजन हलतं, मागे ओढतं आणि कंबर धरते.

मुरुमाच्या टणक मैदानावर उड्यांचा सराव घेऊ नका. गवत किंवा लांब उडीच्या खड्ड्यातली वाळू बरी. गुडघ्याच्या वाटीखाली, बोट ठेवलं की दुखतं अशी नेमकी जागा मुलाने दाखवली तर तो उडी मारणाऱ्यांचा नेहमीचा आजार असू शकतो. उड्या लगेच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. ‘गरम झालं की दुखत नाही’ असं मूल सांगेल. त्याच्यावर जाऊ नका, हे दुखणं सुरुवातीला असंच फसवतं.

माँट्रियलच्या सोव्हिएत संघाविरुद्धच्या अंतिम सामन्याचा स्कोअर (पोलंडचे गुण आधी) 11-15, 15-13, 12-15, 19-17, 15-7 असा छापला होता. सोव्हिएत संघाला चौथ्या सेटमध्ये मॅच पॉइंट होते म्हणता, मग सामना हातचा गेला कसा? (ठाणे, अशीच पत्रं नागपूर व पणजीहून)

कारण तेव्हा गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्याला मिळायचा. समोरच्याने रॅली जिंकली तर त्याला गुण नाही, नुसती सर्व्हिस चेंज. पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना हे गावच्या मैदानावरून पाठ असेल, तरुणांना सांगावं लागतं. म्हणजे मॅच पॉइंट (आणखी एक गुण मिळाला की सामना जिंकला, अशी वेळ) घेऊन उभ्या असलेल्या संघाची एक चूक झाली की चेंडू पलीकडे जायचा आणि स्कोअर होता तिथेच राहायचा. आता पलीकडच्याला गुण मिळवायचे, त्याची चूक झाली की चेंडू परत इकडे. सेट 15 चा, फरक दोनचा हवा, आणि वरची मर्यादा तेव्हा नव्हती. म्हणून 19-17. त्या 36 गुणांच्या मध्ये नुसत्याच सर्व्हिस बदललेल्या रॅली किती गेल्या असतील, ते स्कोअरवरून कळतच नाही.

आजचा नियम वेगळा आहे. प्रत्येक रॅलीला गुण, सेट 25 चा, पाचवा 15 चा. हा बदल 1998 मध्ये ठरला. त्याआधी 1988 मध्ये फक्त पाचव्या सेटपुरता तो आला होता. त्यामुळे 1976 चा 15-7 आणि आजचा 15-7 यांची तुलना करू नका. तेव्हाच्या 15-7 ला जास्त वेळ लागे आणि त्याला अर्थही जास्त होता.

आता दमाचा मुद्दा. सोव्हिएत संघ अंतिम सामन्यापर्यंत एकही सेट न हरता आला होता. पोलंडची वाट बघा: दक्षिण कोरियाशी 3-2, कॅनडाशी 3-0, क्युबाशी 3-2, चेकोस्लोव्हाकियाशी 3-1, उपांत्य फेरीत जपानशी 3-2. म्हणजे 30 जुलैला अंतिम सामन्याला उतरण्याआधीच तीन सामने पाच सेटपर्यंत गेलेले. हिशोबाने दमायला हवं होतं पोलंडने. प्रत्यक्षात पाचव्या सेटमध्ये सोव्हिएत संघाला सातच गुण मिळाले. तो सेट आधीच्या तीन वर्षांच्या सरावाने जिंकला, असं आम्ही म्हणतो ते यामुळे. सगळं श्रेय जॅकेटांना देऊ नका मात्र. पाच सेटचे सामने पुन्हा पुन्हा खेळलेल्या संघाला अटीतटीत काय करायचं याची सवय झालेली असते, आणि समोरच्याला त्या स्पर्धेत ती वेळ आलेलीच नव्हती.

अजून एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. चेंडू पलीकडे घालवायला संघाला तीन स्पर्श मिळतात; माँट्रियलपर्यंत ब्लॉकला लागलेला चेंडू या तीन स्पर्शांत धरला जायचा. ब्लॉकला लागून चेंडू मागे आला की उरायचे दोनच स्पर्श: एकाने उचलायचा, दुसऱ्याने पलीकडे घालवायचा. म्हणजे उचलणाऱ्यानेच लिफ्ट द्यायची (मारणाऱ्यासाठी चेंडू नेटजवळ उंच घालायचा). हे अवघड काम आहे. दमलेल्या संघाचा पहिला घोटाळा इथेच होतो. त्या ऑलिम्पिकनंतर नियम बदलला, ब्लॉकनंतर पूर्ण तीन स्पर्श मिळू लागले. त्याच सुमारास नेटवरच्या अँटेना (दोन्ही टोकांच्या उभ्या काठ्या) 9.40 मीटरच्या अंतरावरून 9 मीटरवर आणल्या गेल्या. पुरुषांच्या नेटची उंची 2.43 मीटर, ती तेव्हाही तीच होती.

मागच्या फळीतून स्मॅश मारायची सुरुवात या संघाने केली, हे खरं आहे का? आणि तो शिकवायचा कसा? (कोल्हापूर)

तोमाश वुय्तोविच यांचं नाव त्यासाठी घेतलं जातं. लुब्लिनचा हा खेळाडू माँट्रियलला 22 वर्षांचा होता. नेटपासून तीन मीटरवरच्या रेषेमागून नियमितपणे मारा करणाऱ्या पहिल्या खेळाडूंत तो गणला जातो. जगात सर्वांत आधी कुणी मारला, या वादात पडण्यात अर्थ नाही. त्याचा फायदा काय झाला ते पाहा. लिफ्टर पुढच्या फळीत असला की पुढे मारणारे दोनच उरतात आणि समोरचा ब्लॉक निवांत उभा राहतो. मागून तिसरा उडाला की त्याचा निवांतपणा संपतो.

शिकवताना आधी चेंडू बाजूला ठेवा. उजव्या हाताने मारणाऱ्याने नेटपासून साडेपाच-सहा मीटरवर उभं राहायचं, डावा-उजवा-डावा अशी तीन पावलं, शेवटची दोन लांब आणि झपाट्याची. उडी घेताना पाय रेषेच्या 15-20 सेंटिमीटर मागे राहिला पाहिजे. रेषेला नुसता लागला तरी फाउल. हवेतून पुढे जाऊन रेषेच्या आत उतरलं तर चालतं, आणि उतरायचं आतच आहे. म्हणजे उडी वर कमी नि पुढे जास्त, साधारण एक मीटर पुढे. रेषेवर चुन्याऐवजी जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी अंथरा. पाय पडला की खेळाडूला स्वतःलाच कळतं, वाद होत नाही.

मग लिफ्ट. चेंडू नेटपासून दीड ते दोन मीटरवर पडेल असा, नेटच्या वर दीड-दोन मीटर. नव्वद टक्के बिघाड इथे असतो आणि शिव्या खातो मारणारा. लिफ्ट नेटला चिकटली तर मारणारा चेंडूखाली पोचतच नाही, ताणून हात लावतो आणि चेंडू समोरच्या ब्लॉकच्या हातात जातो. लिफ्ट तीन मीटरच्या मागे राहिली तर खेळाडू चेंडूच्या पुढे निघून जातो, चेंडू डोक्यामागे राहतो आणि खांदा दुखावतो. म्हणून पहिले दोन आठवडे लिफ्टरला नुसतं लक्ष्यावर टाकायला लावा: जमिनीवर सायकलचं टायर, नेटपासून पावणेदोन मीटरवर, दहापैकी सात त्यात पडेपर्यंत मारणारा बोलवायचा नाही.

माँट्रियलनंतर वाग्नर यांचं काय झालं? (रत्नागिरी)

1976 नंतर त्यांनी पुरुष संघ सोडला. 1978-79 मध्ये महिला संघ पाहिला, तिथे तसं यश आलं नाही. 1983 ते 1986 पुन्हा पुरुष संघाकडे आले, पण 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकवर पोलंडने बहिष्कार टाकला. 13 मार्च 2002 ला वॉर्सात त्यांचं निधन झालं. 2003 पासून त्यांच्या नावाने दरवर्षी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते. मोठ्या स्पर्धेआधी पोलंडचा संघ तिथेच आपली घडी बसवतो.

पोलंडकडे एवढे खेळाडू, मग राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक नेहमी परदेशी का? (पुणे)

नेहमी नव्हे, 2005 पासून. त्याआधी 2004 च्या अथेन्स ऑलिम्पिकला स्तानिस्वाव गोश्चिन्याक प्रशिक्षक होते. 1974 च्या विश्वविजेत्या संघाचे लिफ्टर आणि त्या स्पर्धेचे सर्वोत्तम खेळाडू ते हेच. त्यानंतर अर्जेंटिनाचे लोसानो आणि कास्तेल्यानी, इटलीचे अनास्तासी, फ्रान्सचे आंतिगा, पुन्हा इटलीचे दे जॉर्जी, बेल्जियमचे हाय्नेन आणि 2022 पासून सर्बियाचे निकोला ग्रबिच. निकाल बघितले तर तक्रारीला जागा नाही: 2006 चं विश्व रौप्य, 2014 आणि 2018 ची विश्वविजेतेपदं, 2024 च्या पॅरिसमध्ये रौप्य. ऑलिम्पिक पदकासाठी मात्र माँट्रियलनंतर 48 वर्षं थांबावं लागलं.

याची दुसरी बाजू म्हणजे पोलिश प्रशिक्षक आता बाहेर मागितले जातात. वर आलेल्या विनियार्स्कीचंच बघा. बिदगोश्चला 1983 मध्ये जन्म, बेउखातुफ आणि इटलीतल्या त्रेंतोकडून खेळला, 2014 चा विश्वविजेता कर्णधार. 2017 मध्ये खेळणं थांबवल्यावर लगेच मोठ्या संघाच्या मागे लागला नाही. आधी बेउखातुफमध्ये सहायक, 2019 पासून ग्दान्स्कमध्ये मुख्य प्रशिक्षक, 2022 मध्ये झाव्हेर्चे क्लब आणि जर्मनीचा राष्ट्रीय संघ. 2023 मध्ये रिओच्या पात्रता स्पर्धेत त्याच्या जर्मनीने ब्राझीलला त्यांच्याच घरात हरवून पॅरिस गाठलं. पॅरिसच्या उपांत्यपूर्व फेरीत यजमान फ्रान्सविरुद्ध दोन सेट पुढे होते आणि 3-2 हरले. पाचवा सेट 15-13.

खेळणं संपल्यावर मलाही प्रशिक्षक व्हायचं आहे. विद्यापीठ पातळीपर्यंत खेळलो आहे. सुरुवात कुठून करू? (लातूर)

सहायक म्हणून करा. दोन हंगाम एखाद्या चांगल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली चेंडू मारून द्या आणि आकडे लिहा. कुठल्या रोटेशनला (सर्व्हिस मिळाली की खेळाडू एकेक जागा सरकतात, त्या प्रत्येक मांडणीला) आपला संघ सलग गुण गमावतो, एवढी एकच नोंद प्रत्येक सामन्याला ठेवली तरी पुष्कळ शिकाल. वहीत सहा रकाने, प्रत्येक रोटेशनचा एक; मिळालेला गुण अधिक, गेलेला उणे.

कागदपत्रांचं म्हणाल तर पटियाळ्याच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षण पदविका सर्वांत उपयोगी. तेवढा वेळ देता येत नसेल तर तिथलाच सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे. शाळेत नोकरी हवी असेल तर बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) लागेलच. आंतरराष्ट्रीय महासंघाचे प्रशिक्षक अभ्यासक्रम तीन पातळ्यांचे आहेत आणि पहिली पातळी झाल्याशिवाय दुसरीला बसता येत नाही. प्रवेशाच्या अटी आणि तारखा बदलत असतात, म्हणून अर्जाआधी त्या वर्षाचं माहितीपत्रक बघा. खेळल्याची प्रमाणपत्रं विद्यापीठाच्या क्रीडा विभागातून आत्ताच साक्षांकित करून ठेवा. पाच वर्षांनी जुन्या नोंदी शोधून मिळणं कठीण जातं.